शून्यापासून सालसा शिकायचाय? आधी पाय आणि कान, मूव्ह्ज नंतर

प्रश्न साधारण असा आहे: वय ३८, आयटीत नोकरी, आयुष्यात कधी नाचलेलो नाही, गणपतीच्या मिरवणुकीतसुद्धा कडेकडेने चालतो, पार्टनर नाही, पण सालसा हा जोडीने करायचा लॅटिन नाच शिकायची मनापासून इच्छा आहे. जमेल का, किती महिने लागतील, यूट्यूबवर भागेल का, आणि सालसाच्या ऑन वन (एकवर दिशा बदलायची), ऑन टू (दोनवर), क्युबन या पद्धतींतलं नक्की काय घ्यायचं? मी पुण्यात बरीच वर्षं सालसा शिकवते, लीड (जोडीत पुढची मूव्ह ठरवणारा) आणि फॉलो (त्याला साथ देणारा) दोन्ही करते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

जमेल. धीर द्यायला म्हणून नाही म्हणत. सालसाचा बेसिक म्हणजे आठ काउंटमध्ये सहा पावलं, आणि पावलं टाकायला तुम्ही वर्षाचे असतानाच शिकलाय. लोक अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. पहिल्या महिन्यापासून मूव्ह्ज गोळा करत सुटतात, प्रत्येक क्लासचा शेवटचा व्हिडिओ फोनमध्ये साठवतात, वीस-पंचवीस कॉम्बिनेशन्स पाठ होतात आणि सोशलला, म्हणजे सगळे एकमेकांसोबत मोकळं नाचतात त्या पार्टीत, अनोळखी माणसासोबत एक गाणं धड पार पडत नाही. त्यामुळे माझं सांगणं असं की पहिले तीन महिने दोनच गोष्टींच्या मागे लागा: आत्ता माझं वजन कुठल्या पायावर आहे हे कळणं, आणि गाण्यातला एक, म्हणजे आठातला पहिला काउंट, कुठे आहे ते ऐकू येणं. बाकीचं यावर उभं राहतं, आणि हे नसेल तर काहीच उभं राहत नाही.

आधी वजनाचं. ऑन वनचा बेसिक असा: एक-दोन-तीन, चार रिकामा, पाच-सहा-सात, आठ रिकामा. लीड करणारा एकला डावा पाय पुढे टाकतो, दोनला वजन परत उजव्यावर, तीनला डावा जागेवर येतो. मग पाचला उजवा मागे, सहाला वजन डाव्यावर, सातला उजवा जागेवर. फॉलो करणाऱ्याचं बरोबर उलट, एकला उजवा मागे आणि पाचला डावा पुढे. दहा मिनिटांत पाठ होतं. आता एक करून बघा. एक-दोन-तीन करा आणि तीनला तिथेच थांबा. उजवा पाय उचलता येतोय का? अंग न हलवता, सहज? बहुतेकांचा येत नाही, कारण तीनला डावा पाय जमिनीला फक्त टेकवलेला असतो, वजन अर्धं इकडे अर्धं तिकडे. मग पाचला उजवा मागे न्यायचा तर आधी वजन हलवायला लागतं, त्यात उशीर होतो, सहा घाईत पडतो, आणि माणसाला वाटतं की आपल्याला रिदमच नाही. रिदम असतो हो, वजन पोचलेलं नसतं इतकंच. गाणं मिनिटाला १८० बीट्सचं असेल, आणि बरीचशी सालसा गाणी त्याच आसपास असतात, तर एक बीट म्हणजे सेकंदाचा तिसरा भाग आणि अख्खा बेसिक तीन सेकंदांच्या आत संपतो, तेवढ्यात वजन शोधत बसायला वेळच नसतो. म्हणून हा थांबून पाय उचलायचा प्रकार रोज करा, तीनला आणि सातला, आधी गाण्याशिवाय, मग १५०च्या आसपासच्या गाण्यावर.

पावलं छोटी ठेवा. नवीन माणूस पाय चांगला दोन-अडीच फूट फेकतो आणि मग परत यायला धावतो. आपल्या पावलाच्या लांबीइतकं पुढे किंवा मागे, बास झालं. मागे जाताना चवडा टेकवा, टाचेवर सगळा भार टाकून मागे कलंडू नका, छाती पुढच्या पायाच्या बाजूलाच राहू दे म्हणजे परत यायला सोपं जातं. आणि कंबर हलवायचा प्रयत्न मुद्दाम करू नका प्लीज. सालसात खुबे हलताना दिसतात ते गुडघा वाकणं, सरळ होणं आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर पूर्ण जाणं यातून हलतात, वजन नीट बदलायला लागलं की सहाएक महिन्यांत कंबर आपोआप बोलायला लागते. आधीच वरून चिकटवलेली कंबर नंतर काढायला फार त्रास होतो.

आता कान. यावर क्लासमध्ये सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त द्यायला हवा. आपला कान समेवर वाढलेला असतो. केरवा आठ मात्रांचा, पहिलीला सम, पाचवीला खाली, आणि गंमत म्हणजे सालसाचा बेसिकही आठाचा, एकला पुढे आणि पाचला मागे, त्यामुळे माझ्याकडच्या अगदी नवीन लोकांना मी पहिल्या आठवड्यात तबल्याच्या ॲपवर संथ केरवा लावून बेसिक करायला लावते, समेला पुढे, खालीला मागे, पाय लगेच बसतात. पण तिथून सालसाच्या गाण्यावर गेलं की गडबड होते, कारण आपण सम शोधतो तसा एकवर दणका शोधतो आणि सालसात तो बहुतेक वेळा नसतोच. बेस गिटारचा नेहमीचा पॅटर्न दोन आणि तीनच्या मधे एक सूर वाजवतो, मग चारला एक, आणि तो चारचा सूर तसाच पुढच्या एकवर लांबत जातो. म्हणजे ज्या एकवर तुम्हाला पाय टाकायचाय तिथे बेस नवीन काही वाजवतच नाही. बेसच्या मागे गेलेला नवा डान्सर हमखास चारला एक समजतो.

मग काय ऐकायचं? कोंगा, हाताने वाजवायचा उंच ढोल. तिचा साधा पॅटर्न म्हणजे दोनला एक कोरडा फटका, आणि चारला लागून दोन भरीव, खुले ठोके, टक, तुम-तुम, टक, तुम-तुम. ते तुम-तुम संपलं की लगेच एक किंवा पाच. हे एकदा कानात बसलं की चार आणि आठ रिकामे वाटत नाहीत, पाय थांबतो तिथे कोंगा बोलते. दुसरी मदत घंटेची, कंपाना म्हणतात तिला. गाणं तापतं, कोरस आणि मुख्य गायक यांचे सवाल-जवाब सुरू होतात, तेव्हा बोंगोवाला बोंगो (छोट्या ढोलांची जोडी) ठेवून ही घंटा हातात घेतो आणि एक-तीन-पाच-सातवर जोरात वाजवतो. नवीन माणसाने सुरुवातीला तेवढ्याच भागावर नाचलं तरी चालेल. क्लावेबद्दल सगळे बोलतात, दोन लाकडी दांडक्यांचा तो पाच ठोक्यांचा पॅटर्न, एका बाजूला तीन ठोके आणि दुसऱ्या बाजूला दोन. अख्खं बँड त्याला धरून वाजवतं हे खरं, पण कित्येक गाण्यांत क्लावे प्रत्यक्ष वाजतही नाही, त्यामुळे पहिल्या दिवसापासून क्लावे शोधत बसू नका, वर्षभराने त्याच्याकडे जा, तेव्हा तो खूप आनंद देईल.

ऐकायला सुरुवात कुठून करायची तर पोर्तो रिकोचा एल ग्रान कोम्बो हा बँड, १९६२ पासून वाजवतायत, त्यांचा ठेका इतका स्वच्छ आहे की शिकणाऱ्यासाठी सोनं. मग सेलिया क्रूझ, एक्तोर लावो, ऑस्कर दे लेऑन हे गायक. गाडी चालवताना, भांडी घासताना, कुठेही लावा, नाचायला नको, फक्त चारचं तुम-तुम शोधा. रोज नाचणाऱ्यापेक्षा रोज ऐकणारा लवकर पुढे गेलेला मी पाहिलाय.

ऑन वन की ऑन टू की क्युबन. यावर लोक तावातावाने भांडतात, म्हणून थोडं मागचं सांगते. या नाचाचं मूळ क्युबाच्या सोन वगैरे नाच-संगीताच्या प्रकारांत आहे. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये माचितो, टिटो पुएन्ते, टिटो रॉड्रिगेझ यांच्या ऑर्केस्ट्रांवर मांबो हा सालसाच्या आधीचा क्युबन नाच नाचला जात होता, आणि १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी न्यूयॉर्कमध्येच फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढली, तिने सालसा हे नाव जगभर पोचवलं. त्याच शहरात पुढे डान्स शिक्षक एडी टोरेस यांनी दोन आणि सहावर दिशा बदलणारी पद्धत काउंटसकट नीट बसवून शिकवली, तीच आजची न्यूयॉर्क स्टाईल ऑन टू. एकवर दिशा बदलणारी, सरळ रेषेत चालणारी, चमकदार स्पिन्सवाली पद्धत लॉस एंजेलिसची. तिकडे हवानात १९५०च्याच दशकात क्लबांमधून कासिनो तयार झाला, ज्याला आपण क्युबन म्हणतो, त्यात दोघं एकमेकांभोवती गोल फिरतात, आणि रुएदा म्हणजे जोड्यांचं मोठं रिंगण, एक जण मूव्हची नावं ओरडतो आणि सगळे एकदम पार्टनर बदलतात. कोलंबियाच्या काली शहराचं आणखी वेगळं, तिथे साठच्या दशकात मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकड्या ४५च्या स्पीडवर लावून तरुण पोरं नाचायची, आणि आजही कालीचं फूटवर्क बघताना डोळे फिरतात इतकं फास्ट असतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की एकच बरोबर सालसा असं काही नाही, दोन शिक्षक दोन वेगळ्या गोष्टी सांगतील आणि दोघंही बरोबर असतील. तुमच्या शहरात, तुम्हाला नियमित जाता येईल अशा अंतरावर जे नीट शिकवलं जातंय ते घ्या. पुण्या-मुंबईत सुरुवात बहुतेक ऑन वननेच होते, त्याने करा. ऑन टूमध्ये दिशा बदलणं कोंगाच्या त्या कोरड्या फटक्यावर येतं, त्यामुळे ते नाचायला फार गोड लागतं, पण त्यासाठी आधी तो फटका ऐकू यायला हवा. रुएदा मात्र मिळत असेल तर पहिल्या महिन्यातच करा, सगळे एकत्र चुकतात, हसतात, लाजाळू माणसाचं अवघडलेपण त्यात भराभर जातं.

यूट्यूब. एकट्याने करायचं फूटवर्क, ज्याला शाइन्स म्हणतात, सुझी क्यू वगैरे, ते यूट्यूबवर छान शिकता येतं. लीड-फॉलो नाही शिकता येत, कारण ती गोष्ट हाताला कळते, डोळ्याला दिसत नाही. उदाहरण देते. साधा राइट टर्न घ्या, फॉलोअर पाच-सहा-सातला उजवीकडे फिरते. व्हिडिओत बघून सगळे लीडर हात पाचला वर करतात, कारण टर्न पाचला सुरू होताना दिसतो. पण पाचला तिचा पाय ऑलरेडी पडतोय! तिला कळायला हवं त्याच्या आधी, म्हणजे हात तीन संपता संपता, चारच्या जागेत वर जायला हवा, फार उंच नाही, तिच्या कपाळाच्या जरा वर, आणि पाचला नुसती वाट दाखवायची. उशिरा गेलेला हात मग ओढावा लागतो, तिचा खांदा दुखतो, आणि लीडरला वाटतं ही जड आहे. हा पाव सेकंदाचा फरक समोर खरा माणूस असल्याशिवाय कळतच नाही.

पकड हाही तसाच विषय. अंगठ्याने समोरच्याचा हात दाबून धरू नका, कधीच. लीडरने बोटं हलकी वाकवून द्यायची, फॉलोअरने आपली बोटं त्यात अडकवायची, अंगठे मोकळे. टर्नमध्ये हात एकमेकांत फिरायला पाहिजेत, दाबलेल्या अंगठ्यामुळे मनगट पिरगळतं. क्रॉस बॉडी लीड, जी ऑन वन-ऑन टूवाल्यांची सगळ्यात महत्त्वाची मूव्ह, तीसुद्धा हाताची नाहीच: लीडर दोन-तीनला डावीकडे वळून बाजूला होतो, रस्ता मोकळा करतो, आणि फॉलोअर पाचला त्या मोकळ्या रस्त्यावरून सरळ चालत पलीकडे जाते. रस्ता मोकळा नसेल तर कितीही ढकला, ती जाणार कुठे?

फॉलो करणाऱ्यांना मी एवढंच सांगते की अंदाज बांधू नका. पुढची मूव्ह ओळखून आधीच फिरणं ही क्लासमुळे लागलेली सवय आहे, कारण तिथे पुढे काय येणार हे माहीत असतं. आपलं वजन, आपला बॅलन्स, आपला काउंट तुमचा तुम्ही सांभाळायचा, लीडरच्या हाताला लोंबकळायचं नाही, आणि कोपर अंगामागे जाऊ द्यायचं नाही, हाताला थोडा ताण हवा नाहीतर काहीच निरोप पोचत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत फॉलोअर पटकन पुढे जातात आणि लीडर रडकुंडीला येतात, ते स्वाभाविक आहे, लीडरला काउंट, पुढची मूव्ह, आजूबाजूची गर्दी सगळं एकाच वेळी बघायचं असतं. पुढे फॉलोअरचं काम अवघड होत जातं आणि बरोबरी होते. बायकांनी लीड शिकावं, पुरुषांनी थोडं तरी फॉलो शिकावं, दुसऱ्या बाजूने एकदा नाचलं की आपला हात समोरच्याला कसा लागतो ते समजतं.

क्लास निवडताना एक ट्रायल क्लास करा आणि तीन गोष्टी बघा. पार्टनर बदलतात का? दर काही मिनिटांनी रोटेशन होत असेल तर तुम्हाला पार्टनर नाही ही अडचणच राहत नाही, उलट जोडीने येणाऱ्यांनाही मी रोटेशनमध्ये घालते, नवरा-बायको एकमेकांसोबतच शिकत राहिले की दोघांच्या चुका एकमेकांना फिट बसतात आणि घरी जाताना भांडण वेगळं. दुसरं, शिकवणारे स्वतः विद्यार्थ्यांसोबत नाचतात का, का नुसते आरशासमोरून काउंट ओरडतात. तिसरं, सगळा भर वार्षिक शोच्या कोरिओग्राफीवर आहे का. स्टेजवर जायला मजा येते, जरूर जा, पण एकाच गाण्यावर एकाच पार्टनरसोबत चार महिने घालवले म्हणजे सोशल डान्स आला असं होत नाही.

बुटांचं पटकन सांगते कारण गुडघे महत्त्वाचे आहेत. रनिंग शूज नकोत, त्यांचा रबरी सोल जमिनीला धरून ठेवतो, तुम्ही वळता आणि पाय वळत नाही, तो पीळ थेट गुडघ्यात जातो. सुरुवातीला सपाट, गुळगुळीत झालेल्या सोलचे जुने कॅनव्हास शूज चालतात, पुढे आवड टिकली तर स्वेड सोलचे डान्स शूज घ्या आणि ते रस्त्यावर घालू नका, ओलं लागलं की स्वेड खराब होतं. घरी टाइल्सवर नुसत्या मोज्यांवर स्पिन करू नका, घसराल. बायकांनी पहिले काही महिने हील्स नाही घातल्या तर काही बिघडत नाही. आणि टर्न नेहमी चवड्यावर, टाच जेमतेम जमिनीवरून सुटलेली.

किती महिने? आठवड्याला दोन क्लास, घरी रोज दहा-पंधरा मिनिटं, आणि महिन्यातून दोन-तीन सोशल एवढं केलंत तर माझ्या अनुभवात तीन-चार महिन्यांत एखादं मध्यम स्पीडचं गाणं अनोळखी माणसासोबत बेसिक, राइट टर्न, लेफ्ट टर्न आणि क्रॉस बॉडी लीडवर आनंदाने नाचता येतं. या चार गोष्टींवर अख्खं गाणं नाचता येतं, खरंच, आणि टायमिंग पक्कं असेल तर समोरच्याला ते वीस मूव्ह्जवाल्यापेक्षा जास्त आवडतं. सहज वाटायला वर्ष-दीड वर्ष. ३८ वय अजिबात जास्त नाही, माझ्या बॅचमध्ये पन्नाशीची माणसं असतात आणि ती होमवर्क करतात, म्हणून पुढे जातात.

आता ज्याची सगळ्यात जास्त भीती असते ते, सोशल. अनोळखी बाईचा किंवा पुरुषाचा हात धरायचा, इतक्या जवळ उभं राहायचं, याचं आपल्याकडे दडपण येतं, ते मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच तिथले नियम पाळायचे. विचारायचं, साध्या शब्दात, हात पुढे करून. नाही म्हणाले तर हसून बाजूला व्हायचं, का नाही ते विचारायचं नाही. आपल्यालाही नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. कुणाचा स्पर्श खटकला तर गाणं अर्ध्यात सोडून निघून यायचं आणि आयोजकांना सांगायचं, यात भीड ठेवू नका. फ्लोअरवर समोरच्याला शिकवायचं नाही. अनोळखी माणसाला डिप द्यायचा नाही, म्हणजे हातावर मागे झुकवायचं नाही, पाठ आणि मान कुणाची कशी आहे आपल्याला माहीत नसतं. धक्का लागला, पाय पडला तर थांबून सॉरी म्हणायचं. एक जास्तीचा टीशर्ट, रुमाल, डिओ आणि पुदिन्याच्या गोळ्या बॅगेत हव्यात, आपल्या हवेत तीन गाण्यांत माणूस निथळतो.

तिथे फक्त सालसा नसतो हेही माहीत असू दे, बरीच गाणी बचाटाची असतात, डॉमिनिकन रिपब्लिकचा नाच, चारचा काउंट, संथ, त्याचा बेसिक एका क्लासात येतो. तो शिकून ठेवा म्हणजे सालसाची फास्ट गाणी लागली की भिंतीला टेकून बसावं लागणार नाही.

पहिल्या सोशलला उशिरा जाऊ नका, सुरुवातीलाच पोचा. बऱ्याच ठिकाणी आधी बिगिनर क्लास असतो, तो करा, कारण त्यात भेटलेले चार-पाच चेहरे नंतर फ्लोअरवर ओळखीचे असतात आणि पहिलं विचारणं त्यांनाच करता येतं. सुरुवातीला गर्दी कमी असते, जागा मिळते. आणि अनुभवी डान्सर्सनाही विचारा, घाबरू नका, "मी नवीन आहे, बेसिकच येतं" एवढं सांगा, चांगले डान्सर त्यावर खूश होतात, तुमच्या टायमिंगला धरून नाचतात, आणि त्यांच्यासोबतच्या एका गाण्यात वजन कधी बदलायचं हे पायाला जितकं कळतं तितकं माझ्या दोन क्लासांत नाही कळत.